शेतावरून फोन

रविवारची न्याहारी उरकली होती. तव्यावर पॅनकेकचं पीठ वाळून घट्ट झालं होतं आणि जनेल भांडी तशीच टाकून फोनमध्ये डोकं घालून बसली होती. पुढ्यात वहीचं एक पान, मधोमध रेघ मारलेलं. डावीकडे अंडी उबवायचं लहान यंत्र, उजवीकडे मोठं.

"पंख्याचं घ्यावं की बिनपंख्याचं?" तिने विचारलं.

"का, पिल्लांना उकडतं का?" कर्ट म्हणाला. तो तिचा नवरा. ट्रॅक्टरच्या कारखान्यात कामाला, आणि रविवारी घरात कशालाच गंभीरपणे न घेणारा.

"चेष्टा नको. आतली गरमी सगळीकडे सारखी राहायला लागते. साडेनव्व्याण्णव अंश फॅरनहाइट. एका अंशाने चुकलं तरी पिल्लं लंगडी निघतात म्हणे."

"आपली गाडी घेताना तू एवढं वाचलं नव्हतंस, बाई."

"गाडी जिवंत नव्हती," जनेल म्हणाली.

वाचकहो, हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे ते तिलाही आठवणार आहे.

यंत्र हवं होतं ते हॅटीसाठी. हॅटी त्यांची एकुलती एक लेक, वय वर्षं आठ. लिंडेन फॉल्सच्या शाळेत दरवर्षी वसंतात दुसरीच्या वर्गात अंडी उबवायची पद्धत. एकवीस दिवस मुलं काचेला नाक लावून बसतात, बाविसाव्या दिवशी घरोघरी फोटो जातात, आणि दोन आठवड्यांनी एका सोमवारी वर्गातलं खोकं रिकामं असतं. यंदाही तसंच झालं. "पिल्लं शेतावर गेली," असं कोवॅकबाईंनी वर्गाला सांगितलं. हॅटी गाडीत बसून हुंदके देऊन रडली.

"अगं, रडतेस काय वेडे! शेतावर किती मजा असते," जनेलने तिची समजूत काढली. "आपला रस्टी नाही का गेला शेतावर? तो तिथे नुसता हुंदडत असेल."

रस्टी म्हणजे त्यांचा कुत्रा. चौदा वर्षांचा होऊन मागचे पाय गेले, तेव्हा जनेलनेच त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन शेवटची सुई द्यायला लावली होती. पण आयोवातल्या त्या गावात कुणाचं जनावर मरत नाही. ते शेतावर जातं. म्हातारा कुत्रा शेतावर जातो, चावरं मांजर शेतावर जातं. जनेलच्या लहानपणी तिचा पांढरा ससाही शेतावर गेला होता, आणि ती गोष्ट तिने हॅटीलाही सांगितली होती. तिच्या आईनेच सांगितलं होतं, आणि त्यावर पुन्हा विचार करायची वेळ जनेलवर कधी आली नव्हती. आईने सांगितलं म्हणजे संपलं!

तर त्या दिवशी लेकीचे डोळे पुसता पुसता ती बोलून गेली, "आपण घरीच काढू पिल्लं. आपलीच. कुणी नेणार नाही." घरामागे सहा कोंबड्या पाळायला गावची परवानगी होतीच. नर मात्र चालत नसे. त्या नियमाची ओळ जनेलने वाचली होती, आणि पुढच्या ओळीवर गेली होती.

जनावरांच्या खाद्याचं दुकान हमरस्त्याला होतं. गल्ल्यावर मार्लिस नावाची बाई बसायची. सत्तरीला टेकलेली, काटक. डाव्या हाताची दोन बोटं कसल्याशा जुन्या अपघातात वाकडी झालेली, पण पन्नास पौंडांचं पोतं ती त्याच हाताने ओढायची. जनेलने वहीचं पान तिच्यापुढे ठेवलं.

"मार्लिस, तुम्हीच सांगा. हे घुमटाचं घेऊ? सात अंड्यांचं. सगळ्या बाजूंनी दिसतं आतलं. लेकीला आवडेल."

"दिसतं, हो. ते बघणाऱ्यांसाठीच बनवलंय, पिल्लांसाठी नाही," मार्लिस म्हणाली. "मधे भाजतं, कडेला गारठतं. घ्यायचंच तर हे मोठं, पंख्याचं घे. अंडी आपोआप फिरवणारं घे. तू कामाला जातेस ना? खुडूक कोंबडी अंड्यांवर दिवसभर बसते, सारखी चोचीने फिरवत राहते. तिला कुठे दातांच्या दवाखान्यात फोन उचलायचे असतात!"

जनेल हसली. तिची नोकरी तीच होती.

"यंत्रावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नकोस. आत दुसरा थर्मामीटर ठेव. पाण्याची वाटी सुकू देऊ नकोस. आणि अठराव्या दिवसापासून झाकण उघडायचं नाही. खुद्द गव्हर्नर पिल्लू बघायला आला तरी नाही. दमट हवा निसटली की आतला पापुद्रा पिल्लाला चिकटून बसतो, आणि ते अंड्यातच मरतं."

जनेलने सगळं लिहून घेतलं. दोनदा वाचून दाखवलं. मग मार्लिसने शेल्फवरून खोकं काढता काढता विचारलं, "आणि नरांचं काय करणार?"

"म्हणजे?"

"निम्मे नर निघतात, पोरी. यंत्र कुठलंही घे. ते काही यंत्राच्या हातात नाही."

"हो का? मग देऊ की एखाद्या शेतावर," जनेल म्हणाली. "इथे काय शेतांना तोटा आहे?"

मार्लिसने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "मग लहानच घे," ती म्हणाली. "सातातले तीन-चार. त्यातल्या त्यात कमी."

"पण तुम्हीच तर आत्ता म्हणालात मोठं चांगलं!"

बारा अंड्यांचं यंत्र आणि उबवणीची बारा अंडी मार्लिसने गल्ल्यावरून सरकवली. खोक्यावर पिवळ्या लुसलुशीत पिल्लांचं चित्र होतं.

ते एकवीस दिवस त्या घरात सणासारखे गेले, हे नाकारून चालणार नाही. हॅटी शाळेतून आली की दप्तरासकट यंत्रापुढे बसायची. सातव्या दिवशी तिघांनी खोलीचा दिवा मालवून अंधारात बॅटरी धरून अंड्यांत डोकावून पाहिलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, आणि मधोमध थरथरणारा एक ठिपका. कर्टसुद्धा चेष्टा विसरला. विसाव्या दिवशी हॅटीने काचेला कान लावला आणि श्वास धरून म्हणाली, "आई, तो बोलतोय! अजून आतच आहे, तरी बोलतोय!"

सगळ्यांत पहिला बाहेर आला, त्याचं नाव हॅटीने ठेवलं वॉफल. ओला, मरतुकडा, मान पेलवत नसलेला. तासाभरात तो सुकून असा फुलला, की हॅटीने ओंजळ पुढे केली तेव्हा ती ओंजळ भरली. बारांतली नऊ निघाली. जनेलने कामावरच्या बायकांना अभिमानाने सांगितलं, "बारांत नऊ! यंत्र निवडताना डोकं लावलं, त्याचं फळ."

ऑगस्ट सरता सरता नवांतल्या पाचांचे तुरे लाल होऊ लागले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वॉफल आरवला. गंजलेलं फाटक उघडावं तसा आवाज, आणि त्या आवाजाने तो स्वतःच दचकला. हॅटी हसून हसून लोळली. दुसऱ्या दिवशी पाचही आरवले. तिसऱ्या दिवशी शेजारची विल्मा कुंपणापाशी आली. ती निवृत्त परिचारिका, एरवी गोड बाई, टोमॅटो पिकले की पिशवी भरून आणून देणारी.

"जनेल, तुझं अभिनंदन बरं का," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मी घड्याळाच्या गजराने उठले. आता फुकटात उठते. तेही पावणेपाचला."

"अगं विल्मा, माफ कर. आम्ही करतोच आहोत काहीतरी."

"कर बाई. मला तक्रार लिहायला लावू नकोस."

कर्टने पाचही नर गॅरेजमध्ये हलवले, खिडकीला काळा कागद डकवला, पिंजऱ्यावर दोन गोधड्या टाकल्या. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि त्या गोधड्यांखालून कोंबडंही आरवायचं राहिलं नाही. आठवड्याने गावच्या कार्यालयाचं पत्र आलं. दहा दिवसांची मुदत.

मग जनेल शेत शोधायला लागली. शेतंच शेतं असलेल्या मुलुखात तिने अकरा ठिकाणी फोन केले. "नर? नको बाई." "नर? आमचेच जास्त झालेत." अनाथ जनावरांच्या आश्रयघरातली बाई तर हसलीच, कडवट. म्हणाली, "कोंबड्या असत्या तर तासाभरात गेल्या असत्या. नर माझ्याकडेच एकोणीस पडून आहेत." जनेलने मग फोनवर जाहिरात टाकली. 'प्रेमळ घरी फुकट द्यायचे आहेत.' एकाच माणसाचा फोन आला. त्याने विचारलं, "वजन किती भरेल एकेकाचं?" जनेलने शहारून फोन ठेवला. असा कसा माणूस!

शनिवारी हॅटीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं. सकाळीच जनेलने तिला जवळ घेतलं. "शेत सापडलं, राणी."

हॅटीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "कुणाचं?"

"एका आजीचं. खूप चांगली आहे ती." जिभेवर आपसूक आलं आणि जनेल बोलून गेली.

यंत्राचं रिकामं खोकं गॅरेजमध्येच होतं. पाचांना ते जेमतेम पुरलं. हॅटीने त्यात आपला जुना टॉवेल अंथरला, प्रत्येकाला हातातून मका भरवला, आणि "मला जरा एकटीला बोलायचंय त्यांच्याशी," म्हणून आईबापांना बाहेर काढलं.

दुपारी लख्ख उन्हात जनेल आणि कर्ट गाडी घेऊन निघाले. गावाबाहेर सहा मैलांवर, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर मका उभा असलेल्या खडीच्या रस्त्याला एक घर होतं. मागे लाल कोठार, पुढे पत्रपेटी, अंगणात दोन-चार कोंबड्या टिपत असलेल्या. माणूस दिसत नव्हतं. वाटेच्या तोंडाशी झाडाखाली कर्टने खोकं ठेवलं आणि त्याची वरची झाकणं उघडली.

"बघ," तो म्हणाला. "शेतच आहे ना? खोटं थोडंच बोललो आपण!"

जनेलला बरं वाटलं. खरंच, खोटं कुठे होतं? येताना दोघांनी आइस्क्रीम घेतलं. हॅटीसाठीही घेतलं.

मंगळवारी जनेल कामावरून घरी येऊन बूट काढत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"मी शेतावरून बोलतेय," पलीकडून बाईचा आवाज.

"कोणत्या शेतावरून?"

"तुम्ही सगळे ज्या शेतावर पाठवता ना, त्या."

आवाज ओळखीचा होता.

"हॅटी तुझीच लेक ना?" मार्लिस म्हणाली. "तिचं पत्र आहे मला. टॉवेलखाली होतं, आत्ता सापडलं. खाली फोन नंबर घातलाय, फोन कर म्हणून लिहिलंय. म्हटलं करावा. वाचू?"

मार्लिस वाचायला लागली. हिशेब वाचावा तशी, कोरडी.

"प्रिय शेतावरच्या आजी, मोठ्या तुऱ्याचा तो वॉफल. त्याला हातातून मका आवडतो. काळ्या शेपटीचा भित्रा आहे, त्याला मधे झोपू द्या. अंधार पडला की त्यांना आत घ्या, कारण ते कधी बाहेर झोपलेले नाहीत आणि त्यांना ते माहीत नाही. आमचा रस्टी तुमच्याकडेच असेल. तो तपकिरी आहे, एक कान दुमडलेला. त्याला सांगा की ही आपलीच पिल्लं आहेत, म्हणजे तो खाणार नाही. मला फोन करा. तुमची, हॅटी."

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"ये तू," मार्लिस म्हणाली. "आधी एकटी ये."

जनेल गेली. वाटेच्या तोंडाशी मार्लिस तिची वाट बघत उभी होती, दुकानातलाच तो मळका कोट घालून. झाडाखाली खोकं अजून तसंच होतं, दवाने भिजून एका अंगाला बसलेलं. खोक्यावरची पिवळी पिल्लं फुगून वेडीवाकडी झाली होती. आणि खोक्याभोवती, गवतात, रस्त्यावर, मक्याच्या पहिल्या ओळीपर्यंत पिसंच पिसं.

"शनिवारी मी दुकान बंद करून बहिणीकडे गेले होते," मार्लिस म्हणाली. "रविवारी सकाळी आले. रात्री रॅकून आले असणार, नाहीतर कोल्हे. माझ्या कोंबड्या दिवस कलला की आपण होऊन कोठारात जातात. ही कुठे जातील? त्यांना घर म्हणजे हे खोकं. सगळी याच्याभोवती बसून राहिली. तिघं इथेच मिळाले. काळ्या शेपटीचा सापडलाच नाही."

"आणि वॉफल?"

मार्लिसने मानेने कोठार दाखवलं. आत जाळीच्या पिंजऱ्यात वॉफल होता. एक डोळा गेलेला, पंख लोंबकळत. जनेल जवळ गेली तसा तो अडखळत जाळीशी आला आणि तिच्या रिकाम्या हातात चोच घालून दाणे शोधू लागला!

जनेल मार्लिसकडे वळली.

"पाळू नाही का शकणार तुम्ही याला? एकटाच तर आहे."

"माझा नर याला आठ दिवस जगू देणार नाही. वेगळा ठेवायला जागा नाही. आज संध्याकाळी मी याला कापणार," मार्लिस म्हणाली. "यंदाचा हा एकतिसावा. कुणी खोक्यात ठेवतं, कुणी उशीच्या अभ्र्यात. एकाने तर वर रिबीन बांधली होती. सगळे दुपारी येतात आणि घाईत जातात. खोकी मात्र सगळी माझ्या ओळखीची. मीच विकलेली."

"आम्हाला वाटलं, शेत आहे म्हणजे…"

"म्हणजे काय? शेत म्हणजे स्वर्ग वाटलं? शेतावर कामाचं तेच राहतं, पोरी. बाकीच्याचा निकाल लागतो. शेत पहिल्यापासून असंच आहे. हे ठाऊक नसलेली तुम्हीच!"

"मग आम्ही करायचं तरी काय होतं?" जनेल कळवळून ओरडली. "पत्र आलं होतं. मुदत होती. कुणी घ्यायला तयार नव्हतं!"

"पाळायचं होतं. नाही जमत, तर कापून खायचं होतं. तेही होत नसेल, तर मुळात बोलवायचंच नव्हतं!" मार्लिसचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्या आईने कापली, मीही कापते. मला त्याची लाज नाही. एका झटक्यात जातो जीव, आणि ताटातलं कुठून आलं ते मला ठाऊक असतं. लाज वाटते ती त्या खोक्याची. अंड्यांचे मोठाले कारखाने नर पिल्लं पहिल्याच दिवशी संपवतात, हे वाचून तूही कधीतरी हळहळली असशील. हो ना? त्यांच्यात आणि तुझ्यात चौदा आठवड्यांचा फरक. आणि एका टॉवेलचा. उलट त्यांनी त्याला नाव तरी दिलं नव्हतं."

जनेलला तो वजन विचारणारा माणूस आठवला. अकरा फोन आणि एका जाहिरातीत तेवढाच एक जण सरळ बोलला होता. आणि मग तिला आपलंच वाक्य आठवलं. गाडी जिवंत नव्हती. पंखा पाहिला, थर्मामीटर पाहिला, पाण्याची वाटी पाहिली. एकवीस दिवसांची कडेकोट काळजी घेतली. बाविसाव्या दिवसानंतरचा एक प्रश्नही त्या वहीच्या पानावर नव्हता!

"तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?" ती रडत म्हणाली.

मार्लिसने वाकड्या बोटांनी पिंजऱ्याची कडी लावली. "विचारलं होतं," ती म्हणाली. "पण एकदाच. तू हसलीस, आणि मी खोकं बांधून दिलं. माझंही दुकान चालायला हवं होतं. तेव्हा बाहेरची निम्मी पिसं माझ्या पदरात घाल. पण पोरीचं पत्र तुझ्या पदरात. ते मी घेणार नाही. घरी जा आणि तिला खरं सांग."

"ती आठ वर्षांची आहे हो!"

"आठ वर्षांच्या पोरीने लिहिलं, अंधार पडला की आत घ्या. तुला पस्तिशीत सुचलं का?"

जनेलने स्वयंपाकघरातच सांगितलं. हॅटी टेबलाशी बसून चित्र रंगवत होती. कर्ट दारात उभा होता आणि त्याला एकही विनोद सुचत नव्हता. जनेलने काही झाकलं नाही. खोकं कुठे ठेवलं ते सांगितलं, आणि आइस्क्रीमचंही सांगितलं.

हॅटी रडली नाही. तिने हातातला खडू डबीत ठेवला.

"मग रस्टी?"

"नाही, बाळा. तो शेतावर नाही. तो मेला. मी त्याच्याजवळ होते."

"शाळेतली पिल्लं?"

"मला माहीत नाही. मी विचारलंच नाही."

हॅटीने डबीचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "आणि तुझा ससा?"

सत्तावीस वर्षं झाली होती. तो पांढरा ससा सत्तावीस वर्षं जनेलच्या मनात कुठल्यातरी हिरव्या गवतात हुंदडत होता. तो आत्ता, या क्षणी, या टेबलापाशी मेला.

"नाही," ती म्हणाली. "तोही नसेल गेला."

संध्याकाळी तिघं मूठभर मका घेऊन मार्लिसकडे गेले. वॉफलने हॅटीच्या हातातून दाणा न् दाणा टिपला. "दुखेल का त्याला?" हॅटीने विचारलं. "क्षणभर," मार्लिस म्हणाली. "मी तुला खोटं सांगणार नाही. पण माझा हात चांगला बसतो." मग हॅटी बापाबरोबर गाडीत जाऊन बसली. जाताना आईला म्हणाली, "तू थांब. त्याला एकटं सोडू नकोस."

जनेल थांबली. तिने त्याला दोन्ही हातांनी धरलं. पिसांखाली त्याचं काळीज धडधडत होतं, बॅटरीच्या उजेडात थरथरणाऱ्या त्या ठिपक्याइतकंच घाईने. तिने डोळे मिटले नाहीत.

वाचकहो, इथे आई बदलली, लेकीने क्षमा केली आणि सगळं गोड झालं, असं लिहायचा मोह होतो. पण तसं झालं नाही. त्या दिवसापासून हॅटीला एक सवय लागली. "बाबा सहाला येतील," जनेल म्हणे, आणि हॅटी मान वर करून विचारी, "खरं?" "दाताला दुखणार नाही." "खरं?" "आजीला आता बरं आहे." "खरं?" त्यात राग नसे, टोमणा नसे. नाणं दगडावर वाजवून घ्यावं, तसं ती आईचं प्रत्येक वाक्य वाजवून घेऊ लागली. अख्खा हिवाळा असा गेला.

वसंत आला तेव्हा जनेल शाळेत गेली. कोवॅकबाई तेव्हा दुसरीच्या नव्या वर्गासाठी यंत्र पुसून ठेवत होत्या.

"बाई, मागच्या वर्षीची पिल्लं कुठे गेली?"

कोवॅकबाईंचा चेहरा पडला. "अंडी देणारे लोक परत घेऊन जातात. पुढचं… मी कधी विचारलं नाही. पालकांना किती आवडतं हो हे. फोटो छान येतात."

"मीही विचारलं नव्हतं," जनेल म्हणाली. "म्हणूनच आलेय."

भांडण झालं नाही. त्या वर्षी अंडी मागवण्याआधी बावीस घरांत एक कागद फिरला. जनेलनेच लिहिलेला. 'वर्गात बारा अंडी उबवायची आहेत. त्यांतले निम्मे नर असतील. गावात नर ठेवता येत नाही. जो त्यांना मरेपर्यंत सांभाळील, किंवा स्वतःच्या हाताने त्यांचा शेवट नीट करील, त्याने खाली नाव लिहावं.' कागद आठ दिवस फिरला. काही पालक चिडले. मुलांच्या कोवळ्या मनावर हे काय भलतंच, असा एकीने फोन केला. ती विल्मा होती, नातवासाठी. कागद परत आला तेव्हा नावांची जागा कोरी होती. कडेला पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं, 'एखाद्या शेतावर देता येतील की!'

अंडी आली नाहीत. मार्लिस आता प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा विचारते. दहांतले आठ हसतात आणि यंत्र घेऊन जातात. दोघं वळून परत शेल्फवर ठेवतात. दोनच.

जनेलने तो कागद घरी आणून टेबलावर ठेवला. हॅटीने तो उलटसुलट करून पाहिला.

"एकानेही नाव लिहिलं नाही? खरं?"

"खरं."

हॅटीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग कागद घडी घालून आपल्या दप्तरात ठेवला आणि मागच्या दाराने चार कोंबड्यांना आत घ्यायला गेली. दिवस कलला होता.

बंधुभगिनींनो, यंत्र लहान घ्यावं की मोठं, पंख्याचं की बिनपंख्याचं, हे दुकानदार सांगेल. पण ज्या जिवाला आपण ऊब देऊन बोलावतो, त्याची बाविसाव्या दिवसानंतरची जागा त्याला बोलावण्याआधी ठरवायची असते, आणि ती आपल्या घरात ठरवायची असते. कामाचं तेवढं ठेवायचं आणि नको ते खोक्यात घालून दुसऱ्याच्या दारात सोडायचं, हा हिशेब माणसाने फक्त कोंबड्यांपुरता ठेवलेला नाही, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. आणि मुलांना खोट्या शेताची गोष्ट सांगण्याआधी एवढं लक्षात असू द्या, की ते शेत कुठेतरी खरोखर असतं. तिथे कुणीतरी बाई सकाळी उठून पिसं गोळा करत असते. आणि एक दिवस तिचा फोन येतो.